राज्याचा काटा आणि आईची झोळी

मूल कोणाचे, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर उघड आहे असे प्रत्येकाला वाटते. स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू प्रथम आईवडिलांनाच विचारतात की, या बाळाचे नाव काय ठेवले आहे. ख्रिस्तसभा बाळाला आपल्या कुशीत घेण्यापूर्वी, ज्यांच्या कुशीत ते जन्मले त्यांच्याकडे वळते. या साध्या कृतीत एक मोठा विचार सामावलेला आहे. मूल हे देवाचे दान होय; परंतु ते दान देवाने शासनाच्या हाती सोपविलेले नाही, आईवडिलांच्या हाती सोपविले आहे.

असे असताना उद्या शासन म्हणाले की, 'तुमच्या मुलाचे वजन आम्ही करणार, त्याची नोंद आम्ही ठेवणार आणि ते वजन योग्य की अयोग्य हेही आम्हीच तुम्हाला कळविणार', तर आईवडिलांनी काय म्हणावे? आनंदाने मूल पुढे करावे, की दार लावून घ्यावे? आणि ख्रिस्ती माणसाने या प्रसंगी कशाच्या आधारे निर्णय घ्यावा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील आर्कान्सा या घटकराज्याने २००३ मध्ये एक कायदा केला. सरकारी शाळांतील प्रत्येक मुलाची उंची व वजन घ्यावयाचे आणि त्यावरून 'बॉडी मास इंडेक्स' नावाचा आकडा काढावयाचा, असे त्याने ठरविले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. मुलाच्या वयाच्या मानाने तो कमी आहे, योग्य आहे की अधिक आहे, हे पत्राने घरी कळवावयाचे होते. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले घटकराज्य. इंग्लंडमध्येही २००५-०६ या शालेय वर्षापासून चार-पाच वर्षांच्या आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे वजन शाळेत घेण्यास प्रारंभ झाला. तेथे आपल्या मुलाला या मोजणीतून वगळण्याची मुभा पालकांना आहे.

शासनाची बाजू प्रथम नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती दुष्ट हेतूने मांडलेली नाही. अमेरिकेत २०१७ ते २०२० या काळात दोन ते एकोणीस वर्षांच्या दर पाच मुलांमागे सुमारे एक मूल स्थूल होते. बालपणीची स्थूलता पुष्कळदा प्रौढपणीही पाठ सोडीत नाही. मधुमेह, रक्तदाब आणि सांध्यांचे विकार तिच्या मागोमाग येतात. आईच्या डोळ्यांना आपले मूल नेहमी गोजिरेच दिसते. शेजारपाजारची सगळीच मुले गुबगुबीत असतील, तर आपले मूल वेगळे आहे हे ध्यानी येणेही कठीण. म्हणून कोणा त्रयस्थाने काट्यावर पाहून खरे काय ते सांगावे, यात गैर काय? दृष्टी कमी असल्याचे शाळेत आढळले तर ते घरी कळवितात. वजनाचे तेवढे का कळवू नये?

परंतु पत्रे घरोघरी पोहोचू लागली तेव्हा पुष्कळ पालक दुखावले. लोकांनी त्या पत्राला 'स्थूलतेचे प्रगतिपुस्तक' असे नाव ठेवले, आणि त्या नावातच त्यांची व्यथा आली. प्रगतिपुस्तकात मुलाचे गुण असतात. येथे जणू आईच्या स्वयंपाकाला आणि वडिलांच्या शिस्तीला गुण दिले जात होते. शिवाय हा आकडा स्नायू आणि चरबी यांत भेद करू शकत नाही. काटकुळे पण आजारी मूल त्याच्या दृष्टीने उत्तीर्ण होते आणि खेळाने पीळदार झालेले मूल कधी कधी नापास ठरते. पुढे २००७ मध्ये आर्कान्साने कायदा बदलला. वजन दरवर्षी घेण्याऐवजी एक वर्षाआड घेण्याचे ठरले आणि लेखी नकार देण्याची पालकांची मुभा स्पष्ट झाली. मॅसॅच्युसेट्स या घटकराज्याने २००९ मध्ये अशीच पत्रे पाठविण्याचा नियम केला होता. २०१३ मध्ये पत्रे घरी पाठविण्याची ती सक्ती त्याने मागे घेतली.

या पत्रांचा उपयोग किती झाला? कॅलिफोर्नियातील ७९ शाळांत सुमारे २८ हजार मुलांचा या दृष्टीने अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वजनाचे पत्र घरी गेल्याने मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. उलट शाळेत ज्यांचे वजन घेतले जात होते, त्या मुलांत स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी काहीशी वाढलेली आढळली. शासनाने आईला सांगितले, 'तुझे मूल जड आहे'. पण पुढे काय, हे तिचे तिनेच पाहावयाचे होते. शाळेच्या वाटेवरची दुकाने तीच राहिली, दोन पाळ्यांत काम करून थकलेली आई तीच राहिली आणि भाजीपाल्यापेक्षा स्वस्त मिळणारी तळकट पाकिटेही तीच राहिली. आर्कान्साच्या कायद्याविषयी न्याय्य बोलावयाचे तर एवढे सांगितले पाहिजे की, प्राथमिक शाळांतील मुलांपासून शीतपेये व खाऊ विकणारी यंत्रे दूर करण्याची तरतूदही त्यात होती. म्हणजे कायदा करणाऱ्यांना दोष केवळ घरात दिसला नव्हता. परंतु लोकांच्या मनात राहिले ते पत्रच.

तर मग पालकांचा हक्क थोर आणि शासनाचा काटा खोटा, असे म्हणून आपण हा विषय मिटवावा काय? तसे करण्यापूर्वी पालकांचा हा हक्क येतो कोठून, ते पाहिले पाहिजे; आणि येथे आपल्या कॅथोलिक परंपरेला सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेतील ऑरेगॉन या घटकराज्यात १९२२ मध्ये मतदारांनी एक कायदा संमत केला होता. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेतच घातले पाहिजे, असे त्याचे स्वरूप होते. कॅथोलिक शाळा बंद पडाव्यात हा त्यामागचा एक उघड हेतू होता; कू क्लक्स क्लॅन या कुप्रसिद्ध संघटनेचा त्याला पाठिंबा होता. येशू व मरिया यांच्या पवित्र नामांच्या धर्मभगिनींनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जून १९२५ रोजी एकमताने धर्मभगिनींच्या बाजूने निर्णय दिला. मूल ही केवळ राज्याची निर्मिती नव्हे. जे त्याचे पालनपोषण करतात त्यांना त्याला घडविण्याचा हक्क आहे आणि त्या हक्काला एक थोर कर्तव्यही जोडलेले आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पोप पायस अकरावे यांनी १९२९ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या परिपत्रकात या निकालाचा आवर्जून उल्लेख केला.

हा विचार त्याहूनही जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे प्रश्न आला की, यहुदी आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या बालकांना स्नानसंस्कार द्यावा काय? त्यांनी ठामपणे नाही म्हटले. मुलाला स्वतःचा विवेक येईपर्यंत ते आईवडिलांच्या छत्राखाली असते. जन्मापूर्वी जसे उदरात, तसे जन्मानंतर जणू आत्मिक उदरात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या संस्काराला आपण तारणाचे द्वार मानतो, तोही आईवडिलांना डावलून देऊ नये, असे ज्यांनी सांगितले त्यांना पालकांच्या हक्काची थोरवी कळलेली होती. तथापि आपण सर्व काळ त्याप्रमाणे वागलो असे म्हणवत नाही. १८५८ मध्ये बोलोन्या शहरात, जेथे त्या काळी पोपांचीच राजसत्ता होती, एद्गार्दो मोर्तारा नावाच्या सहा वर्षांच्या यहुदी मुलाला आईवडिलांपासून नेण्यात आले. कारण एका मोलकरणीने त्याला गुपचूप स्नानसंस्कार दिला होता. नेणाऱ्यांना आपण मुलाचे अंतिम कल्याण साधीत आहोत असेच वाटत होते. मुलाचे हित आम्हाला आईहून अधिक कळते, अशी खात्री सत्तेला वाटू लागली की काय घडते, हे आपल्याच इतिहासाने आपल्याला शिकविले आहे. आज वजनाच्या बाबतीत शासनाला सावध करावयाचे असेल, तर ही आठवण मनाशी ठेवूनच करावे.

परंतु याच परंपरेची दुसरी बाजूही आहे, आणि पालकांच्या हक्काचा झेंडा खांद्यावर घेणारे ती बाजू सोयीने विसरतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मधील 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कुटुंब हे राज्याच्या आधीचे आहे, आईवडिलांचा अधिकार राज्याने गिळंकृत करू नये, असे सांगितले. त्याच ठिकाणी त्यांनी हेही सांगितले की, एखादे कुटुंब पराकाष्ठेच्या विपन्नावस्थेत सापडले आणि त्यातून सुटण्याचे बळ त्याला उरले नाही, तर त्याला सार्वजनिक साहाय्य मिळणे योग्य आहे. घरातल्या घरात कोणाच्या हक्काचा गंभीर भंग होत असेल तर राज्याने आत यावे. मात्र तेवढे काम करून तेथेच थांबावे. चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप पायस अकरावे यांनी हाच धागा पुढे नेला. लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या समूहाने हिरावून घेऊ नये. मोठ्याने लहानाला हात द्यावा, त्याची जागा घेऊ नये.

म्हणजे आईवडिलांचा हक्क हा शेताच्या सातबाऱ्यासारखा मालकी हक्क नव्हे. तो कर्तव्य पार पाडण्याचा हक्क आहे. शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एका बालकासाठी भांडत आल्या, तेव्हा खरी आई ओळखू आली ती तिच्या हक्काच्या आवाजावरून नव्हे. बालक जगावे म्हणून ती आपला हक्क सोडावयास तयार झाली त्यावरून. जेथे मुलाच्या जिवाशी गाठ येते, तेथे 'माझे मूल, माझी मर्जी' हे वाक्य आईच्या तोंडी शोभत नाही.

या कसोटीवर काही कठीण प्रसंग तपासून पाहावेत. २०११ च्या जुलै महिन्यात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात दोन लेखकांनी असे मत मांडले की, स्थूलता जिवावर बेतण्याइतकी असेल तर क्वचित प्रसंगी मुलाला घरापासून दूर ठेवणेही योग्य ठरेल. त्याच वर्षी ओहायो या घटकराज्यात नव्वद किलोहून अधिक वजनाच्या आठ वर्षांच्या मुलाला शासनाने आईकडून काढून घेतले. पुढील वर्षी ते आईकडे परतले. त्याआधी, २००७ मध्ये, इंग्लंडच्या ईशान्य भागात असाच प्रश्न उभा राहिला होता. तेथे विचारविनिमयानंतर मूल आईजवळच राहू देण्याचे ठरले. दोन्हीकडे मूल खरोखरच धोक्यात होते. तेव्हा शासनाने दखल घेतली हा अन्याय म्हणता येणार नाही. परंतु मूल परक्या घरी ठेवले की त्या घराला पैसा, डॉक्टर आणि देखरेख हे सर्व पुरवावे लागते. मग मनात येते, एवढा आधार आधी आईलाच दिला असता तर? तो देऊनही मुलाचा जीव वाचणार नसेल, तर न्यायाधीशाने सर्वांचे ऐकून निर्णय द्यावा. तो न देताच मूल नेणे म्हणजे आईच्या गरिबीला गुन्हा ठरविणे होय.

पवित्र कुटुंबाकडे पाहिले की हा विवेक अधिक स्पष्ट होतो. योसेफ व मरिया यांच्या आयुष्यात सत्ता दोनदा डोकावली. प्रथम औगुस्त कैसराची नोंदणीची आज्ञा आली. ती परकी सत्ता होती, प्रवास दूरचा होता आणि मरियेचे दिवस भरत आले होते; तरीही योसेफ बेथलेहेमला गेला आणि त्याने नोंद केली. काही काळाने दुसरी चौकशी आली. हेरोदाने मागी लोकांना सांगितले की बालकाचा नीट शोध करा आणि मला कळवा, मीही त्याला वंदन करीन. भाषा भक्तीची होती आणि मागणी केवळ माहितीची होती. या वेळी मात्र मागी लोक दुसऱ्या वाटेने गेले आणि योसेफ रातोरात बालकाला घेऊन मिसर देशी निघाला. एकाच कुटुंबाने एकदा सत्तेच्या वहीत नाव नोंदविले आणि एकदा सत्तेपासून बालकाचा ठावठिकाणाही लपविला. भेद कशात होता? माहिती देण्यात भेद नव्हता. त्या माहितीचे पुढे काय होणार, यात होता.

आजच्या शासनाला हेरोद म्हणणे हा अन्याय होईल. परंतु पुढे काय होणार हे विचारण्याचा योसेफाचा अधिकार आजच्या बापालाही आहे. स्कॉटलंडमध्ये २०१४ मध्ये असा कायदा झाला होता की, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे शासनाने एक नेमलेली व्यक्ती ठेवावी आणि त्या मुलाविषयीची माहिती निरनिराळ्या खात्यांनी परस्परांना द्यावी. २८ जुलै २०१६ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्याचा हेतू रास्त आहे, परंतु कुटुंबाची खाजगी माहिती अशा रीतीने हातोहाती फिरविणे हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग आहे. त्या निकालपत्रात ऑरेगॉनच्या धर्मभगिनींच्या खटल्याचे स्मरण केलेले आहे. १९१९ नंतरच्या धामधुमीत आपल्या शाळा वाचविण्यासाठी झगडणाऱ्या त्या साध्या स्त्रियांचा आधार नव्वद वर्षांनी दुसऱ्या खंडातील कुटुंबांना मिळाला. २०१९ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली.

इथवर आपण परदेशातील जड मुलांविषयी बोललो. पण मुलाचे वजन करणारा शासनाचा काटा आपल्याही अंगणात आहे, आणि तो कितीतरी आधी आला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी जन्मास आली. तेथे बाळाला झोळीत घालून काट्याला टांगतात आणि त्याचे वजन वाढीच्या तक्त्यावर टिंब देऊन नोंदतात. येथे भीती जड मुलाची नाही, हलक्या मुलाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी ३६ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातमीने महाराष्ट्र हादरला होता. वसईच्या केळीच्या बागा आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला.

जव्हारच्या पाड्यावर उभे राहून शासनाने मुलाचे वजन करू नये असे कोणाला म्हणवेल? तेथे काटा नसणे हाच गुन्हा ठरेल. कारण तेथे काट्याच्या दुसऱ्या पारड्यात काही ठेवण्याचे वचन कायद्याने दिलेले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीमार्फत कुपोषित बालके शोधून त्यांना मोफत आहार देण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली. आधी शोध आणि लगेच आहार, अशी ही जोडी आहे. आर्कान्साच्या पत्रात ती जोडी फार अशक्त होती.

आणि तरीही पालकांच्या हक्काचा प्रश्न पाड्यावर संपत नाही. तो केवळ वेगळ्या वेषात येतो. वाढीचा तक्ता जगभर रूढ करणारे इंग्रज बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना एक गोष्ट आग्रहाने पाळली होती. ते वजनाचे कार्ड दवाखान्याच्या कपाटात नव्हे, आईच्या घरी राहावे. आपल्या बाळाची रेघ वर चढते आहे की खाली येते आहे, हे आईने स्वतः पाहावे. आपल्याकडेही मातेच्या हाती माता व बाल संरक्षण कार्ड दिले जाते. परंतु २०२१ पासून अंगणवाडी सेविकेला ते वजन भ्रमणध्वनीवरील 'पोषण ट्रॅकर'मध्येही भरावे लागते आणि तो आकडा पाड्यावरून थेट वरिष्ठ कार्यालयांपर्यंत जातो. दिल्लीला कळलेला आकडा त्या आईला तिच्या बोलीत कोणी समजावून सांगितला काय? तिला तो कळला नसेल, तर तिच्या बाळाविषयी तिच्याहून अधिक माहिती कार्यालयाला आहे, आणि हीच पालकत्वाची पहिली पायमल्ली होय.

समजा, एखाद्या कातकरी आईला सांगितले की, बाळ तीव्र कुपोषित आहे, त्याला घेऊन चौदा दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात राहा. ती नाही म्हणते. कागदावर तो निष्काळजीपणा दिसेल. परंतु घरी आणखी दोन लेकरे आहेत, त्यांना कोण पाहील? चौदा दिवसांची मजुरी बुडाली तर चूल कशाने पेटेल? दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर निघाले तर उचल घेतलेला मालक थांबेल काय? तिच्या नकारामागे मुलाचा तिरस्कार नाही, हिशेब आहे. आणि तो हिशेब तिने नव्हे, तिच्या दारिद्र्याने मांडलेला आहे. तिला बुडीत मजुरी वेळेवर मिळाली, घरच्या लेकरांना कोणी सांभाळले आणि बोलणाऱ्याने खेकसून न बोलता समजावले, तर तीच आई बाळाला कडेवर घेऊन निघेल. मोठ्याने लहानाला हात द्यावा, त्याची जागा घेऊ नये, या तत्त्वाचा पाड्यावरचा अर्थ हाच आहे. पालकांच्या हक्काविषयी आपण परिसंवाद भरवितो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे आपलीच घरे असतात. त्या आईलाही तोच हक्क आहे, हे आपल्या ध्यानात येते काय?

यावरून काही साध्या कसोट्या हाती लागतात. मुलाचे वजन शासनाने करणे योग्य की अयोग्य, हे काटा पाहून ठरत नाही. त्याविषयी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, तो आकडा प्रथम कोणाला सांगितला जातो? तो आईवडिलांना, त्यांना समजेल अशा भाषेत आणि मुलाला लाज वाटणार नाही अशा रीतीने सांगितला पाहिजे. वर्गातील चाळीस मुलांसमोर वजन मोठ्याने उच्चारणे हा मुलाच्या प्रतिष्ठेवर घाला आहे. दुसरा प्रश्न, वजन करणारा दुसऱ्या पारड्यात काय ठेवतो? आहार, उपचार, खेळाचे मैदान, आईला सवड, यांपैकी काहीच नसेल तर ते वजन म्हणजे केवळ दोषारोप. तिसरा प्रश्न, आईवडिलांना नाही म्हणता येते काय, आणि नाही म्हटल्याबरोबर त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते काय? मुलाचा जीव धोक्यात नाही तोवर हा नकार मानला पाहिजे. जीव धोक्यात असेल तेथे तो मानता येणार नाही. पण तेथेही आधी मदत, मग न्यायालय, आणि सर्वांत शेवटी ताटातूट, हा क्रम सुटता कामा नये.

दानिएलाच्या ग्रंथातील बेलशस्सर राजाची कथा आपल्याला ठाऊक आहे. भिंतीवर उमटलेल्या अक्षरांचा अर्थ दानिएलाने सांगितला, तेव्हा तराजूत तोलला गेला तो राजा, आणि उणा भरला तोही राजाच. जे शासन मुलांना तोलते ते स्वतःही तोलले जात असते. पाड्यावरच्या तक्त्यावर बाळाची रेघ खाली येते, तेव्हा तेथे केवळ एका आईची परीक्षा होत नसते. रस्त्याची, रेशनची, मजुरीची आणि आपल्यासारख्या शेजाऱ्यांचीही होत असते.

शेजारी म्हटल्यावर आपणही त्या काट्यावर येतो. आपल्या घरांत उपासमार नाही. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले आज दुसऱ्या टोकाला झुकू लागली आहेत. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्यात मुलासाठी प्रार्थना किती झाली यापेक्षा केक किती मजली होता याची चर्चा अधिक होते. अंगणातला पेरू, ताकातली भाकरी आणि सुकटीची चटणी हे जुन्या पिढीचे खाणे ठरले. शाळेतून आलेल्या मुलाच्या हातात पाकीट आणि बाटली दिली की आपले कर्तव्य संपते. खेळावयास जा म्हणण्याऐवजी आपणच त्याच्या हाती भ्रमणध्वनी देतो, कारण त्यामुळे ते गप्प बसते. मग उद्या शाळेतून वजनाचे पत्र आले आणि आपण हक्काची भाषा बोलू लागलो, तर त्या भाषेला वजन राहील काय? जो हक्क वापरलाच नाही, त्याच्यावर कोणी अतिक्रमण केले असे म्हणता येत नाही. शासनाला घराबाहेर ठेवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे घरातले काम घरात करणे. आपल्या धर्मग्रामांच्या शाळांतील उपाहारगृहात काय विकावे हे ठरविण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पालकांची एक सभा पुरे आहे.

दार बंद करणे आणि दार सताड टाकणे, या दोहोंच्या मध्ये योसेफाची जागा आहे, ती उंबरठ्यावर. कोणी काटा घेऊन आले तर त्याने विचारावे, हे कशासाठी आणि यापुढे काय. उत्तर समाधानकारक असेल तर स्वतःच्या हातांनी बाळाला झोळीत ठेवावे आणि वजन स्वतः वाचावे. आणि आपले बाळ भरल्या अंगाने झोळीतून उतरल्यावर, आपल्याच जिल्ह्यातील डोंगरावर त्याच दिवशी ज्या बाळाचे टिंब खाली सरकले, त्याच्या आईला आपण काय देऊ शकतो, हेही त्याने स्वतःला विचारावे.